बटणाचा हुकूम, रिलेचं काम

दोस्तांनो, या आठवड्याचा विषय एका पत्रातून आला आहे. मालवणजवळच्या तारकर्लीहून नववीतल्या एका वाचकमित्रानं विचारलंय : "आमच्या मामाची जीप आहे. तिला पुढे दोन जादा दिवे बसवायचे आहेत. बटण मात्र कंपनीच्या बटणांसारखंच, डॅशबोर्डवर त्यांच्याच रांगेत हवंय. मेस्त्री म्हणतात, 'रिले लागेल.' बॅटरीपासून बटण, बटणापासून दिवा, एवढी वायर ओढली की दिवा लागतो. मग मधे हा रिले कशाला?"

प्रश्न झकास आहे! आणि मेस्त्रींचं म्हणणंही बरोबर आहे. ते बरोबर का, हे आज आपण आकडे मांडूनच पाहू. पाचवी-सहावीचा गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

आधी दिव्यांची ओळख

गाडीला पुढे जे जादा दिवे लावतात, ते सगळे एका जातीचे नसतात. मुख्य जाती दोन. धुक्याचा दिवा खाली, बंपरजवळ बसतो. त्याचा प्रकाश रुंद पसरतो आणि जमिनीलगत राहतो. लांब पल्ल्याचा दिवा, ज्याला ड्रायव्हिंग लाइट म्हणतात, त्याचा झोत मात्र अरुंद असतो आणि थेट दूरवर जातो. आपण बोलताना ज्याला 'अप्पर' म्हणतो ना, त्या मोठ्या झोताचा हा मदतनीस.

दोघांची अदलाबदल केली तर काय होतं, ते आंबोली घाटात पावसाळ्यात कळतं. दाट धुक्यात लांबचा झोत सोडला की तो पाण्याच्या बारीक थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. समोर पांढरा पडदा धरल्यासारखं होतं. म्हणून धुक्यात डिपर आणि धुक्याचे दिवे. लांब पल्ल्याचे दिवे फक्त मोकळ्या, रिकाम्या, काळोख्या रस्त्यासाठी. आपल्या मित्राच्या मामांना हवेत ते हेच दुसऱ्या जातीचे.

आता हिशेब

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. हॅलोजनचा एक दिवा साधारण ५५ वॅटचा. दोन दिवे म्हणजे ११० वॅट. वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर मिळतात, म्हणजे वायरीतून किती वीज वाहते ते कळतं. ११० भागिले १२ म्हणजे नऊच्या थोडं वर. आपण सोयीसाठी ९ अँपिअर धरू.

घरातला ६० वॅटचा जुना बल्ब आठवा. २३० व्होल्टवर तो जेमतेम पाव अँपिअर घेतो. गाडीतले दोन दिवे त्याच्या पस्तीसपट वीज ओढतात! व्होल्ट कमी असले की तेवढंच काम करायला अँपिअर जास्त लागतात, हे त्याचं कारण.

समजा, ही नऊ अँपिअर वीज बोनेटमधल्या बॅटरीकडून डॅशबोर्डवर नेली, तिथल्या बटणातून फिरवली आणि पुन्हा पुढे दिव्यांपर्यंत आणली. जाऊन-येऊन सहा मीटर वायर लागली. डॅशबोर्डच्या मागे जागा कमी म्हणून बारीक, अर्ध्या चौरस मिलिमीटर जाडीची वायर घेतली. तांब्याच्या अशा सहा मीटर वायरचा रोध होतो सुमारे ०.२ ओहम. अगदीच थोडा वाटतो, नाही? पण आता गुणाकार करा. ९ गुणिले ०.२ म्हणजे १.८ व्होल्ट. एवढे व्होल्ट वायरीतच खर्ची पडले! दिव्यापर्यंत पोचले फक्त १०.२.

हॅलोजनचा दिवा याबाबत फार नाजूक. व्होल्ट थोडे उतरले तरी त्याचा प्रकाश भराभर उतरतो. १२ चे १०.२ झाले की प्रकाश जवळजवळ चाळीस टक्के कमी होतो. म्हणजे पैसे मोजले दोन दिव्यांचे आणि उजेड मिळाला सव्वा दिव्याचा.

बरं, वाटेत हरवलेली वीज जाते कुठे? ती उष्णता बनते. १.८ गुणिले ९ म्हणजे सुमारे १६ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तिच्या निम्म्याहून जास्त उष्णता आपण डॅशबोर्डमागच्या वायरीत सोडली! सहा मीटरभर ती पसरलेली असते तोवर वायर नुसती कोमट होईल. पण एखादा जोड सैल असला की तिथे उष्णता साठते, प्लॅस्टिक मऊ होतं आणि जळका वास येतो. शिवाय डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणाच्या आत पत्र्याचे इवलेसे दोन तुकडे असतात. एवढी वीज सारखी तोडता-जोडताना त्यांच्यामध्ये ठिणगी उडते. ठिणगीनं ते काळे पडतात आणि एक दिवस बटण कायमचं चिकटतं किंवा कायमचं रुसतं.

इथे रिले मदतीला येतो

रिले ही काडेपेटीपेक्षाही लहान डबी. तिच्या पोटात दोन वेगळी खाती असतात. एका बाजूला बारीक तारेचं वेटोळं. त्यातून वीज गेली की ते लोहचुंबक बनतं. दुसऱ्या बाजूला जाड पट्ट्यांचा भक्कम स्विच. चुंबक तयार झालं की ते पट्टी ओढतं, 'टक्' असा आवाज होतो आणि भक्कम स्विच जोडला जातो. वेटोळ्याची वीज तोडली की स्प्रिंग पट्टीला मागे खेचते. पुन्हा 'टक्'. दिवे बंद.

गंमत आकड्यात आहे. वेटोळ्याचा रोध साधारण ८० ओहम. १२ भागिले ८० म्हणजे ०.१५ अँपिअर. दिव्यांना लागणाऱ्या विजेचा हा साठावा हिस्सा! तेवढी वीज तोडायला-जोडायला डॅशबोर्डवरचं चिमुकलं बटण आणि बारीक वायर अगदी आरामात पुरतात. जाड वायर मात्र बॅटरीकडून रिलेकडे आणि रिलेकडून दिव्यांकडे, बोनेटमधल्या बोनेटमध्ये, दोनेक मीटरच फिरते. ती अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर वाटेत हरवतो व्होल्टचा जेमतेम दहावा हिस्सा.

आपल्या मित्राला मालवणीत सांगायचं तर, "झिला, बटण फकस्त हुकूम सोडता. काम करता तो रिले!"

हा 'टक्' आवाज तुमच्या ओळखीचा आहे. वीज गेली की घरातला इन्व्हर्टर 'टक्' करतो, तो रिलेच. स्कूटरचं सेल्फ-स्टार्टचं बटण अंगठ्यानं दाबता, ते केवढं लहान असतं! पण स्टार्टरची मोटर जबरदस्त वीज खाते. ती वीज त्या बटणातून जातच नाही, सीटखाली किंवा पुढच्या पॅनेलमागे दडलेल्या रिलेतून जाते.

घोडे, तारा आणि गाड्या

'रिले' हे नाव कुठून आलं माहीत आहे? पूर्वी लांबच्या प्रवासात टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे बांधलेले असत. थकलेला घोडा सोडायचा, ताजा जोडायचा आणि निरोप पुढे न्यायचा. या ताज्या घोड्यांना तिकडे 'रिले' म्हणत. शाळेतल्या रिले शर्यतीतही हेच. दमलेला धावपटू काठी देतो, ताजा धावपटू ती घेऊन पळतो.

विजेचा रिले अमेरिकेतल्या जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञानं १८३५ च्या सुमारास करून दाखवला. मैलोगणती तारेतून जाताना वीज दुबळी व्हायची. एवढ्या दुबळ्या विजेनं मोठं काम होईना. मग युक्ती अशी, की त्या दुबळ्या विजेनं फक्त एक छोटं चुंबक चालवायचं आणि त्या चुंबकानं ताज्या बॅटरीची वीज पुढे सोडायची. या युक्तीवर तारायंत्र शेकडो मैल बोलू लागलं. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तारायंत्राचा हा धाकटा भाऊ आज जवळजवळ प्रत्येक मोटारीत 'टक् टक्' करतो आहे.

वायरी कुठून कुठे?

आता मेस्त्री काम करतील तेव्हा शेजारी उभं राहून काय पाहायचं, ते सांगतो. रिलेच्या पायांपाशी इंग्रजी आकडे कोरलेले असतात. जर्मन मानकातून आलेले हे आकडे जगभर चालतात.

३० : इथे बॅटरीच्या प्लसकडून येणारी जाड वायर.
८७ : इथून दिव्यांकडे जाणारी जाड वायर.
८५ आणि ८६ : वेटोळ्याची दोन टोकं. एक बटणाकडे, दुसरं अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला.

बॅटरी आणि ३० यांच्यामध्ये फ्यूज हवाच. या दिव्यांना १५ अँपिअरचा. आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. का बरं? पुष्कळांना वाटतं, फ्यूज दिव्याला वाचवतो. नाही! फ्यूज वायरला वाचवतो. कुठे वायर घासली, सोलली आणि बॉडीला टेकली, तर बॅटरी एका क्षणात शंभराहून जास्त अँपिअर ओतू शकते. वायर लालभडक होते आणि गाडी पेटू शकते. फ्यूज त्याआधीच वितळून वाट तोडतो. पण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कोणीच राखणदार नसतो. म्हणून तो तुकडा जितका आखूड तितकं बरं. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून कोणी बेफिकीर राहू नये. शॉक लागला नाही तरी आग लागू शकते!

बोनेटमधून डॅशबोर्डकडे वायर नेताना ती पत्र्याच्या भोकातून जाते. पत्र्याची कड सुरीसारखी असते. तिथे रबराचा ग्रोमेट बसवलेला आहे ना, ते पाहा. आणि काम सुरू करण्याआधी मेस्त्री बॅटरीची मायनसची वायर पहिल्यांदा काढतील. प्लस आधी का नाही? सगळी बॉडीच मायनसला जोडलेली असते. प्लसचा नट फिरवताना पाना बॉडीला टेकला तर भडका उडेल. मायनस आधी काढला की ती भीतीच संपली. जोडताना अर्थातच उलट, मायनस सगळ्यात शेवटी.

कंपनीसारखं बटण

जीपच्या किंवा मोटारीच्या डॅशबोर्डवर बटणांच्या रांगेत एखादं कोरं झाकण दिसतं. ते झाकण काढून तिथे त्याच मॉडेलचं बटण बसवता येतं. डॅशबोर्डला ड्रिलनं भोक पाडायला नको, आणि अंधारात हात आपोआप योग्य जागी जातो. अशा बटणाला मागे दोनापेक्षा जास्त पाय असतात. एकात वीज येते, दुसऱ्यातून रिलेकडे जाते, तिसरा अर्थचा, आणि बहुतेक वेळा चौथा पार्किंग लाइटच्या वायरचा. या चौथ्यामुळे रात्री बटणावरचं चित्र मंद उजळतं. पण कोणता पाय कशाचा, हे प्रत्येक कंपनीचं निराळं असतं. अंदाजानं जोडायचं नाही. मीटर लावून एकेक पाय ओळखायचा.

चित्रही नीट पाहून घ्या. दिव्यासमोर सरळ रेषा असल्या तर तो लांब झोत. रेषा तिरप्या असून त्यांना छेदणारी एक नागमोडी रेघ असली तर तो धुक्याचा दिवा. चुकीच्या चित्राचं बटण बसवलं तर दुसरा ड्रायव्हर फसेल.

सगळ्यात महत्त्वाची वायर

आता खरा मुद्दा. बटणाला हुकुमाची वीज कुठून द्यायची? बॅटरीवरून थेट दिली तरी दिवे लागतील. पण शहाणा मेस्त्री ती हेडलाइटच्या अप्परच्या वायरवरून घेतो. लागते ०.१५ अँपिअरच, त्यामुळे हेडलाइटवर बोजा पडत नाही. आणि त्यातून होतं काय, ते बघा :

अप्पर बंद, बटण बंद : जादा दिवे बंद.
अप्पर बंद, बटण चालू : जादा दिवे बंद.
अप्पर चालू, बटण बंद : जादा दिवे बंद.
अप्पर चालू, बटण चालू : जादा दिवे चालू.

कॉम्प्युटरच्या तासाला 'अँड गेट' शिकला असाल, तर हा तोच. हे 'आणि' आणि ते 'आणि', दोन्ही असेल तरच. म्हणजे समोरून कोणी आलं आणि मामांनी डिपर मारला, की जादा दिवे त्याच क्षणी आपोआप विझतात. बटण शोधायला हात न्यावा लागत नाही.

याची गरज तारकर्लीएवढी दुसरीकडे क्वचितच कळेल. मालवणहून वायरीमार्गे तारकर्ली आणि पुढे देवबागला जाणारा रस्ता आठवा. अरुंद, दोन्हीकडे माड आणि कुंपणं. देवबागेत तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. रात्री दशावतारी नाटक पाहून माणसं चालत परततात. कोणी सायकलवर असतो, कोणी स्कूटरवर पोराला पुढे उभं करून येतो. त्याच्या डोळ्यांवर ११० वॅटचा झोत पडला, तर झोत निघून गेल्यावरही काही सेकंद त्याला काळोखाशिवाय काहीच दिसत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगानं चाललेली स्कूटर एका सेकंदात ११ मीटर जाते. तीन सेकंद म्हणजे ३३ मीटर, डोळे बांधून! आपल्याला जास्त दिसावं म्हणून लावलेल्या दिव्यानं समोरच्याचं दिसणंच काढून घेतलं, तर धोका दोघांनाही.

कायदाही हेच सांगतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटलंय, की पुढच्या दिव्याचा झोत असा खाली वळवलेला हवा, की आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपवणार नाही. परवानगीशिवाय सर्चलाइटसारखे दिवे लावायलाही मनाई आहे. म्हणून दिवे घेण्याआधीच मामांनी आरटीओत विचारून घ्यावं, कोणते आणि किती दिवे चालतील ते. एमएच-०७ नंबराच्या गाडीला दंड व्हायचा तो चौकात, पण अपघात व्हायचा तो घराजवळच्या वळणावरही!

आणखी एक. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लसऐवजी मायनसच्या बाजूनं काम करतो, तर नव्या गाड्यांत दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते. तिथे ही जोडणी जशीच्या तशी चालत नाही. अशा गाडीच्या वायरीला चिमटा लावण्याआधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारलेलं बरं. आणि एलईडीचे दिवे वीज कमी खातात, पण डोळे दिपवण्यात मागे नसतात. म्हणून अप्परवरून हुकूम घेण्याचा नियम त्यांनाही लागू.

खारा वारा

तारकर्लीत मेस्त्रीला आणखी एका शत्रूशी लढावं लागतं : खारी हवा. तांब्याच्या उघड्या टोकावर काही महिन्यांत हिरवा थर चढतो, पत्र्यावर गंज चढतो. गंजलेल्या अर्थच्या जोडाचा रोध ०.१ ओहम झाला, तरी नऊ अँपिअरला ०.९ व्होल्ट तिथेच गडप. 'दिवे नवे आहेत, पण मिणमिणतात' अशी तक्रार आली तर आधी अर्थ तपासा. अर्थच्या जागचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा, बोल्ट घट्ट आवळायचा आणि वरून ग्रीसचा हात द्यायचा. वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये, थिंबल दाबून बसवावं. आणि रिले लावताना त्याचे पाय खाली येतील असा लावावा. म्हणजे पावसाचं पाणी आत न साठता गळून जाईल.

करून पाहा

गाडीच्या वायरिंगला मोठ्यांशिवाय हात लावायचा नाही. पण रिले घरी बनवता येतो. लाकडी फळीत लोखंडी खिळा ठोका. त्यावर कागद गुंडाळून ३० गेजच्या वार्निश केलेल्या तांब्याच्या तारेचे दोनशे वेढे घ्या. दोन्ही टोकं खरवडून एका टॉर्चच्या सेलला जोडा, मधे दाबायचं बटण ठेवा. आता डब्याच्या पत्र्याची अरुंद पट्टी लाकडाच्या ठोकळ्यावर अशी बसवा, की तिचं मोकळं टोक खिळ्याच्या डोक्यावर एक-दोन मिलिमीटर अधांतरी राहील. पत्र्याला चुंबक चिकटतं ना, ते आधी पाहा. पट्टीच्या कडेनं बोट कापू नये म्हणून कड घासून घ्या. दुसरे दोन सेल आणि टॉर्चचा बल्ब घ्या. त्यांची एक वायर खिळ्याला, दुसरी पट्टीला.

बटण दाबा. पट्टी 'टक्' करून खिळ्याला चिकटेल आणि बल्ब लागेल! दोन वाटा कुठेही एकमेकींना जोडलेल्या नाहीत, तरी एकीचा हुकूम दुसरी ऐकते. बटण तीन-चार सेकंदांवर दाबून धरू नका, तार आणि सेल तापतात. बटण सोडूनही पट्टी चिकटलेलीच राहिली, तर ती थोडी वर वाकवा. खिळ्यात चुंबकत्व थोडं उरतं, म्हणून असं होतं. खऱ्या रिलेत ते उरू नये म्हणून मऊ लोखंड वापरतात.

आणि आता तुमच्यासाठी कोडं. मामा रात्री घरी आले, हेडलाइट बंद केले, किल्ली काढली, पण जादा दिव्यांचं बटण चालूच विसरले. हुकुमाची वीज अप्परवरून घेतली असेल तर सकाळी जीप सुरू होईल का? आणि थेट बॅटरीवरून घेतली असेल तर? बॅटरी ६० अँपिअर-तासांची धरा आणि हिशेबासकट उत्तर लिहा. नुसतं 'होईल' किंवा 'नाही' लिहिणाऱ्याला अर्धेच गुण!